सरकारी कांबळी

लढाईतली बंदूक आमच्या गावानं पाहिली नाही. विमान एकदाच वरून गेलं, आणि ते इतकं उंच होतं की म्हातारी माणसं शेवटपर्यंत त्याला गिधाडच म्हणत राहिली. लढाई आमच्याकडे आली ती लोकरीच्या वाटेनं, आणि गेली तेव्हा आमचा धंदा उठवून गेली. हे मी परदेशात, झूटरमेरला मुलीच्या घरी, खिडकीपाशी बसून लिहितोय. नात लायडनला शिकते. रविवारी आली की इंग्रजीत विचारते, "आजोबा, युद्धात तुम्ही काय केलंत?" इथं माझ्या वयाच्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. मी सांगतो, घोंगडी विणली. ती हसते, तिला वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. ही, माझी बायको, असती तर हिनं नीट सांगितलं असतं. आमच्यात सांगायचं काम हिचं आणि मान हलवायचं माझं. गेल्या थंडीत ही गेली. लढाईच्या वेळी आमच्या घरात कोण कोण होतं, कोण काय बोललं, हे ठाऊक असलेला आता मी एकटा उरलोय. मी गेलो की ते झालंच नव्हतं असं होईल. म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्याचं लिहिणं आहे, जसं येईल तसं येईल.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस कमी, दगड जास्त, आणि जिकडं बघावं तिकडं मेंढरं. आम्ही सनगर, म्हणजे घोंगडी विणणारे. आमची आळी गावाच्या खालच्या अंगाला. आळीत पाऊल टाकलं की प्रत्येक घरातून मागाचा आवाज यायचा, आधी धोटा सुटल्याचा सर्रकन, मग दोनदा धप्प, धप्प. जमिनीत खड्डा, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून अण्णा बसायचे, म्हणजे माझे वडील. लहानपणी बरेच दिवस मला वाटायचं की बापमाणसाला कमरेखाली काही नसतं. घरात दोन वास कायमचे. एक लोकरीचा तेलकट वास, आणि दुसरा खळीचा, आंबूस. खळ म्हणजे चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली लापशी. उभे धागे आळीत लांबच्या लांब ताणायचे आणि त्यांच्यावरून कुंच्यानं ही खळ ओढायची, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही. आई सकाळी हुलग्याचं माडगं द्यायची, ते दिसायला थेट खळीसारखं. मी विचारायचो, "आई, हे प्यायचं का ताण्याला लावायचं?" आई पळी उगारायची. भाकरी जोंधळ्याची, बरोबर अंबाड्याची भाजी, नाहीतर नुसती लसणाची चटणी. इथं मुलगी रोज विचारते, बाबा, काय करून देऊ? मी काही सांगत नाही. माडगं सांगितलं तर ती फोनवर बघून करील, आणि मग ते मला प्यावं लागेल.

लढाईच्या आधी घोंगडं कुणातरी एका माणसाचं असायचं. मेंढका आपल्याच मेंढरांची लोकर पाठीवर घेऊन दारात यायचा. अण्णा खड्ड्यातूनच त्याला वरपासून खालपर्यंत बघायचे, आणि त्या उंचीचं घोंगडं व्हायचं. लंगड्याला जरा आखूड, म्हणजे पायात येऊ नये. विणून झालं की आई घडी घालायची आणि कोपऱ्याला चिमूटभर भंडारा लावायची. भंडारा म्हणजे बिरोबाची हळद. मग अण्णा खड्ड्यातून वर यायचे आणि घोंगडं त्या माणसाच्या खांद्यावर टाकायचे. ते हातात द्यायचं नाही, ओलांडायचं नाही, पायानं सारायचं नाही. काळ्या लोकरीवर हळद दिसायची नाही, पण ती तिथं आहे हे घेणाऱ्याला माहीत असायचं. एकदा आई आजारी होती आणि भंडारा लावायचा राहिला, तर तो माणूस गावाच्या वेशीवरून परत आला होता. "असलं कोरं घोंगडं पांघरून मी रानात कसा निजू?" म्हणाला.

माझा थोरला भाऊ बापू ह्या सगळ्याला विटला होता. त्याला खड्डा नको होता. "मेल्यावर खड्ड्यातच जायचंय, आत्तापासनं कशाला?" असं तो अण्णांच्या तोंडावर बोलला, आणि अण्णांनी हातातली, सूत ठोकायची फणी त्याच्या दिशेनं भिरकावली. फणी लागली नाही, पण बोलणं लागलं. पुढच्या बाजारच्या दिवशी भरतीवाले तंबू ठोकून बसले होते. बापू आईला म्हणाला, बाजारला जाऊन येतो. तो गेला तो गेलाच. मागाहून एक कार्ड आलं, मी बरा आहे, काळजी करू नये. कुठं आहे ते लिहायची मनाई होती म्हणे. मग कार्डही यायचं बंद झालं. अण्णांनी त्याचं नाव टाकलं. नावच घ्यायचे नाहीत. पाहुणे विचारायचे, थोरला कुठं असतो? अण्णा म्हणायचे, "आम्हाला एकच हाय," आणि माझ्याकडं बोट करायचे. मला ते अजिबात बरं वाटायचं नाही.

मग मुकादम आला. तो सायकलवर आला. आमच्या गावानं पाहिलेली पहिली सायकल ती. इथं सायकलीशिवाय माणूस हलत नाही, नव्वदीच्या बायका सायकलवरून भाजी आणतात, पण मला सायकल दिसली की अजून त्या मुकादमाचा घामेजलेला कोट दिसतो. तो तालुक्याच्या ठेकेदाराचा माणूस. आळीचं पंचपण अण्णांकडं होतं, म्हणून तो आमच्या दारात बसला, गुळाचा चहा प्याला आणि म्हणाला, सरकारला कांबळी पाहिजेत, विणाल तेवढी. काळी नकोत, काळी-पांढरी लोकर मिसळून करडी. सगळी एका मापाची. कडेला पट्टा नको, गोंडा नको. आणि मऊ पाहिजेत, तेव्हा विणून झाल्यावर खळ सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढायची.

"उंच माणसाला कसं पुरंल?" अण्णांनी विचारलं.

"सरकार माणूस बघत न्हाई, अण्णा. माप बघतं."

आई उंबऱ्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "ही कांबळी जाणार कुठं?"

"सैन्याला, वहिनी. लढाईवर."

"म्हंजी आमच्या बापूला."

मुकादम हसला. अण्णा हसले नाहीत. "सैन्य म्हंजी काय आपली आळी हाय?" ते आईवर खेकसले. आईचं मात्र ठरून गेलं होतं. कांबळी सैन्याला जातात, बापू सैन्यात आहे, मग आज ना उद्या आपल्या मागावरचं एक तरी त्याच्या अंगावर पडणार. ह्यात चूक काय हे तिला कुणी सांगू शकलं नसतं. मलाही ते तेव्हा पटलं होतं.

तिथून आळीचं सगळं बदललं. पहिल्यांदा आवाज बदलला. पूर्वी दुपारी माग थांबायचे, लोक लवंडायचे. आता दुपारीही धप्प धप्प चालू. घराघरात दुसरा खड्डा खणला गेला. बायका पूर्वी घरचं उरकून सूत कातायच्या, आता कातायचं उरकून घरचं बघू लागल्या. खळ धुवायला पाणी लागायचं, आणि पाणी म्हणजे ओढ्याच्या डोहातलं. वर्षातले निम्मे महिने तिथं बायकांच्या घागरी बुडायच्याही नाहीत. रॉकेल कंट्रोलमध्ये गेलं, म्हणून अंधार पडायच्या आत जेवणं व्हायला लागली. कंट्रोलच्या दुकानात जोंधळ्याऐवजी मका मिळायचा, त्याची भाकरी तव्यावरच फुटायची, आणि अण्णा ती बघून म्हणायचे, "ही भाकर हाय का नकाशा?" कापड मिळेना. आई एकाच लुगड्याला इतकी ठिगळं लावायची की मूळ लुगडं कुठलं ते ओळखू येईना. आणि एवढी कांबळी विणणारी आमची आळी स्वतः जुनीच फाटकी पांघरून झोपत होती. नवं घरात ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सरकारचं ते सरकारचं.

मेंढरांचंही तेच झालं. लष्कराला मटण लागतं, तेव्हा खाटकांचे दलाल रानोमाळ फिरू लागले. मेंढक्यांना एवढी किंमत कधी मिळाली नव्हती. कळपच्या कळप उठले. त्यातच एक कळप फुलाच्या बापाचा. कळप गेला आणि त्याच्या लक्षात आलं की आता सकाळी उठून करायचं काय हेच राहिलं नाही. तो रस्त्याच्या कामावर लांब गेला आणि बिनआईच्या ह्या पोरीला आमच्या घरी ठेवून गेला, आईच्या हाताखाली सूत कातायला. फुला माझ्याहून लहान होती, पण जीभ तिची मोठी. मी पहिल्याच दिवशी तिला कातायची चाती कशी धरायची ते दाखवायला गेलो, तर म्हणाली, "ए नाम्या, मी मेंढरात जन्मलेय. तू जा, खड्ड्यात बस." हीच ती. पुढं साठ-सत्तर वर्षं मला हेच ऐकायचं होतं, फक्त 'ए नाम्या'चं 'अहो' झालं. इथं खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत एकदा तिथल्या बाईनं कागदावर भरायला लग्नाची तारीख विचारली होती. मी मुलीच्या तोंडाकडं बघत बसलो. ही म्हणाली, "सांग तिला, लग्नाचं ठाऊक न्हाई, पर ओळख लढाईतली हाय."

आळीची सगळी कांबळी आमच्या घरी यायची. घड्या घालायचं, गठ्ठे बांधायचं काम आई आणि फुलाचं. महिन्याकाठी बैलगाडी भरून तालुक्याला जायची. अण्णा मात्र सगळ्यांत हळू. शेजारच्या मागावर दोन उतरायची तोवर आमचं एक उतरायचं. मुकादम टोमणे मारायचा, "अण्णा, एवढं ठोकून विणू नका, सरकार काय वजनावर घेत न्हाई." अण्णा म्हणायचे, "माझा हात असाच हाय." आम्हालाही वाटायचं म्हातारपण येतंय.

आणि आई प्रत्येक घडीत भंडारा टाकायची. आधी चिमूटभर, कोपऱ्याला, जसा आजवर टाकत आली तसा. आमच्याच नाही, आळीतल्या सगळ्यांच्या कांबळ्यांना. कारण कुठलं बापूच्या वाट्याला येईल ते काय सांगावं? कार्ड यायचं थांबलं तशी चिमूट वाढली. पुढं पुढं ती मूठभर टाकायची, छातीवर येईल अशा जागी, आणि वरून तळवा दाबायची. फुला विचारायची, "काकी, एवढी हळद कशाला?" आई म्हणायची, "लांबचा पल्ला हाय गं. वाटंत सांडती." अण्णा खड्ड्यात पाठमोरे. त्यांना हे दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. आमच्याकडं बरा पाऊस म्हणजे देवाचीच चूक. गाडी भरून गेली ती वाटेत भिजली. गठ्ठे ओले, आत हळद, आणि ते तसेच डेपोत पडून राहिले. मग एका सकाळी गाडी परत आली, भरलेलीच. गाडीच्या पुढं मुकादम, सायकल हातात धरून, चिखलानं माखलेला. त्यानं एक गठ्ठा ओढून आळीच्या मधोमध टाकला आणि सोडला. करड्या कांबळ्यावर हे एवढाले पिवळे डाग, घडी उलगडली की समोरासमोर दोन दोन.

"डेपोतला गोरा सायेब म्हणतोय ह्या मालाला रोग झालाय. कुणी हात लावंना! काय हाय हे?" त्यानं कांबळं नाकाशी नेलं आणि त्याचा चेहराच बदलला. "हळद? हळद व्हय रं? कांबळ्यांची लगनं लावताय?"

एरवी आळी हसली असती. कुणी हसलं नाही.

आई पुढं झाली. "मी लावलाय. भंडारा हाय तो. घाण न्हाई."

"वहिनी, सरकारला देवाधर्माचं काय करायचंय? सरकारला समदी सारखी पाहिजेत."

"माझा ल्योक न्हाई समद्यांसारखा."

मुकादमानं कपाळाला हात लावला. मग तो अण्णांकडं वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, पुढच्या बाजारच्या आत डाग काढून गाडी भरा, नाहीतर काम दुसऱ्या गावाला जातंय, तिकडचे लोक दारात येऊन बसलेत. तो गेल्यावर सगळी आळी आमच्या दारात. दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं. मेंढरं विकलेला मेंढका घोंगडं कशाला घेईल? हे काम गेलं तर आळीनं खायचं काय? शेजारच्या चंपाकाकू, ज्या आईबरोबर एका जात्यावर दळायच्या, त्या म्हणाल्या, "वयनी, तुमचा एक ल्योक लढाईवर हाय, पर आमची समद्यांची चूल हितं हाय."

अण्णा खड्ड्यातून वर आले. म्हणाले, "धुवायची."

"मी न्हाई धुणार," आई म्हणाली. "पोराच्या अंगावरचं माझ्या हातानं पुसू व्हय?"

अण्णा रागीट होते, मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यांनी फक्त तो सुटलेला गठ्ठा बांधला, डोक्यावर घेतला आणि ओढ्याची वाट धरली. पुरुष कधी धुणं घेऊन डोहावर जात नव्हते. ते लांब लांब टांगा टाकत निघाले, डोक्यावर गठ्ठा, आणि ते बघून बायका एकेक गठ्ठा घेऊन उठल्या. आई ओट्यावर बसून राहिली. खळ धुवायचा सोडा ती एका मडक्यात, उतरंडीच्या मागं ठेवायची, ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बायका निम्म्या वाटेवर गेल्या असतील, तेव्हा आई आत गेली, मडकं काढलं, कडेवर घेतलं आणि त्यांच्या मागून चालायला लागली. फुलानं तिचा पदर धरला होता.

डोहावर सोडा कालवला, पहिलं कांबळं पाण्यात बुडवलं, आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला. चांगला गडद, सुकत आलेल्या रगतासारखा. छातीच्या जागी. दुसरं बुडवलं, तेही तसंच. बायकांचे हात थांबले. चंपाकाकू घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, हळदीला खार लागला की लालच व्हती. कुकू तसंच करत्यात की." हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आईला तर होतंच, ती दरवर्षी घरी कुंकू करायची. पण ठाऊक असून काय होतं? ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि हातातल्या कांबळ्याकडं बघत होती, आणि तिला तिथं कुंकू दिसत नव्हतं हे मला काठावरून कळत होतं. अण्णा पाण्यात तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "खंगाळ," म्हणाले. "थांबू नगंस. साध्या पाण्यात घाल." आईनं खंगाळलं. लाल गेलं, पुन्हा पिवळं झालं. पण पिवळं काही जात नव्हतं.

तेव्हा फुला म्हणाली, उन्हात टाका. लग्नातली हळद कापडावरून कशी जाते, तशी. मोठ्यांना ते सुचलं नव्हतं असं नाही, पण सुरुवात कुणी करीना. मग डोहाच्या काठचे सगळे खडक कांबळ्यांनी झाकले. गाडीभर कांबळी, नजर जाईल तिथवर, जणू माणसं पालथी पडलीयत. ऊन त्या दिवशी कडक होतं. आळीतले बाकीचे घरी परतले. आई तिथंच बसली, जवळ फुला. दुपारभर ती एका कांबळ्याशेजारी बसून होती आणि डाग फिका होत होता. मी भाकरी घेऊन गेलो तर म्हणाली, "ठेव." भाकरी मुंग्यांनी खाल्ली. दिवस कलतीला आला तेव्हा तिनं ते कांबळं उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं. काही उरलं नव्हतं. ती फुलाला म्हणाली, "म्या माझ्या हातानं पुसलं बघ." फुलानं हे मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तोवर एकटीनं धरून ठेवलं होतं.

गाडी वेळेत गेली, काम टिकलं. आईनं मात्र त्यानंतर घडीला हात लावला नाही. ती कातायची, रांधायची, बोलायची सुद्धा, पण गठ्ठे फुला आणि मी बांधायचो, कोरेच. बापूचं काही कळलं नाही. दारात पोस्टमन दिसला की आई घरात जायची, बाहेर यायची नाही. तिचं म्हणणं एकच होतं, आणि ते ती बोलायची नाही: आता त्याला मिळेल ते धुतलेलं मिळेल.

इथं मे महिन्यात एका संध्याकाळी सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो, लढाईत मेलेल्यांसाठी. रस्त्यात सायकली थांबतात. पहिल्या वर्षी आम्हाला माहीत नव्हतं; आम्ही दोघं बाकावर बसून मोठ्यानं भांडत होतो, चष्मा कुणी हरवला ह्याच्यावरून. आजूबाजूचे पुतळे झालेले. मुलीनं दटावलं तेव्हा ही उभी राहिली. दोन मिनिटं झाल्यावर मला म्हणाली, "तुमच्या आईला दोन मिण्टांत भागलं न्हाई." एवढंच. यंदा मी एकटा उभा राहिलो. पाय दुखले. घरी येऊन झोपलो.

लढाई संपल्याचं आम्हाला मुकादम न आल्यावरून कळलं. शेवटचा गठ्ठा बांधून तयार होता, गाडी आलीच नाही. आळीनं वाट बघितली, मग दुसरे खड्डे बुजवले. जुने मेंढके काही दारात आले नाहीत. कळप नाहीत तर लोकर कुठली? ज्यांच्याकडं थोडे पैसे होते त्यांनी बाजारात गिरणीची चादर घेतली. माग दुपारी पुन्हा थांबायला लागले, मग सकाळीही. एक अण्णांचाच चालू होता, उरलेल्या लोकरीवर. कुणासाठी ते त्यांनाच माहीत.

आणि बापू आला. पायात बूट, अंगात खाकी, रापलेला, मिशा ठेवलेल्या. आई चुलीपुढून उठली आणि त्याच्या तोंडावरून, खांद्यावरून, छातीवरून हात फिरवत राहिली, जणू कुठं छिद्र आहे का ते बघतेय. अण्णा खड्ड्यातून वर आले नाहीत. "आलास?" म्हणाले. "आलो," बापू म्हणाला. धोटा पुन्हा सुटला. तेवढंच बोलणं.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत आम्ही जेवायला बसलो, अण्णा, बापू, मी. आई भाकरी थापतेय आणि फुला वाढतेय. बापू भिंतीकडच्या गठ्ठ्याला टेकला होता. त्यानं वळून बघितलं. "हे काय हाय?"

"सरकारी कांबळी," मी म्हणालो. "लढाईवर जायची. समदी आळी तेच करत होती."

"तुला न्हाई मिळालं?" आईनं विचारलं. मान वर केली नाही. हातातली भाकरी थापायची मात्र थांबली होती.

बापू हसला. "मला? आई, मी व्हतो तिथं आम्ही उघड्या अंगानं निजत व्हतो. बोटीवरनं माल उतरवायचा आन् घाम पुसायचा. घोंगडं घेतलं असतं तर शिजून मेलो असतो. थंडीत एक मिळालं, ते गिरणीचं, विलायती शिक्क्याचं." मग त्यानं गठ्ठ्याचं टोक चिमटीत धरलं. "पर असली म्या बघितलीत की. येताना. आपल्याच मुलखात, कैद्यांच्या छावणीत. इटलीचे कैदी पांघरून बसले व्हते उन्हाला. करडी, अश्शीच."

"कैदी म्हंजी?"

"ज्यांच्याशी लढाई व्हती ते."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत मी तो तसा बघितला नव्हता. "म्हंजी माझ्या पुसण्यानं काय बिघडलं न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आन् आधीचा भंडारा त्यास्नी लागला म्हणायचा. बिरोबानं परक्याची पोरं राखली." फुला तोंडात पदर कोंबून हसायला लागली, मग मी, मग बापू, काय झालं ते न कळताच. आई डोळे पुसत हसत होती.

अण्णा हसत नव्हते. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तोंडाशी गेला नव्हता. ते गठ्ठ्याकडं बघत होते.

"मग म्या एवढं ठोकून ठोकून कुणासाठी इनलं?" ते म्हणाले.

बापूनं अण्णांकडं बघितलं आणि मग बघवेना म्हणून ताटात बघितलं. आईनं तव्यावरची भाकरी काढली, अण्णांच्या ताटात टाकली.

"जेवा," ती म्हणाली. "निवतीया."